न सुटणारा पापुद्रा

मुलांनो, मी सातवीत असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला प्रार्थनेच्या वेळी फिट आली. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल हुंगवायला काढली. मी मात्र भिंतीशी जाऊन उभी राहिले. अशा वेळी त्या व्यक्तीला अलगद कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि मोठ्यांना बोलवायचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी जागा बदलून घेतली, ते भीतीनं. तिनं कारणही विचारलं नाही. ते अजून बोचतं.

आज मी प्रयोगशाळेत काम करते. मेंदूच्या पेशी विजेच्या इवल्या संकेतांनी एकमेकींशी बोलतात. फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकदम ओरडू लागतात. ते ऐकायचं कसं? शरीरात वीज वाहून नेतात खाऱ्या पाण्यातले आयन, तर तारेत वाहून नेतात इलेक्ट्रॉन. दोघांची भाषा वेगळी! मधे दुभाषी हवा.

हा दुभाषी म्हणजे चक्क प्लॅस्टिक. शॉक बसू नये म्हणून तारेवर जे चढवतात, तेच! काही प्लॅस्टिकमधून वीज वाहू शकते, हे शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ साली दाखवलं. त्यांना २००० सालचं नोबेल मिळालं.

आम्ही पेडॉट-पीएसएस नावाच्या प्लॅस्टिकचं निळसर द्रावण काचेवर टाकतो आणि काच गरगर फिरवतो. केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ पापुद्रा तयार होतो. त्यातून वीज सोडायची. बाहेरचे आयन आत शिरले, की नळाची तोटी फिरवावी तसा प्रवाह कमी होतो. इवला संकेत, पण बदल मोठा. हाच ट्रान्झिस्टर! २०१३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी अशा ट्रान्झिस्टरांनी उंदराच्या मेंदूवरचे संकेत टिपले.

माझा पहिला पापुद्रा मात्र मिठाच्या पाण्यात फुगला आणि काचेवरून सुटून तरंगू लागला. मला रडूच आलं. साबुदाण्याचं असंच असतं ना? पाणी शिरलं नाही तर कडक, जास्त झालं तर लगदा. पापुद्र्यात पाणी शिरायला तर हवंच, नाहीतर आयन येणार कसे? मग द्रावणात जीओपीएस नावाचं जोडणारं रसायन घालून पापुद्रा भाजला. आता त्याच्या साखळ्या एकमेकींना आणि काचेला घट्ट धरून राहिल्या. हे रसायन जास्त झालं तर वीज नीट वाहत नाही. म्हणून प्रमाण बदलत पुन्हा पुन्हा करून पाहायचं. एक दिवस चालून उपयोग नाही. फिट काही सांगून येत नाही.

पापुद्र्यानं मला एक शिकवलं. दुसऱ्याचं आत येऊ द्यायचं, पण आपली जागा सोडायची नाही. सातवीत मला ते जमलं नाही. तुम्हाला जमेल. तुमच्या वर्गात कुणाला फिट येत असेल, तर उद्या त्याच्याच शेजारी बसा.