काळी म्हणजे काय?

जपानमध्ये चौकातला हिरवा दिवा लागला, की तिथली मुलं म्हणतात, ‘आओ’ झाला! आता ‘आओ’ म्हणजे खरं तर निळा. हिरव्यासाठी त्यांच्याकडे ‘मिदोरी’ असा वेगळा शब्द आहे. पण पूर्वी निळ्याला आणि हिरव्यालाही ते ‘आओ’च म्हणत. ती सवय अजून गेलेली नाही. हिरवं सफरचंदसुद्धा तिथे ‘आओ’च! रंग डोळ्यांना दिसतो, पण त्याचं नाव आणि अर्थ आपण माणसं ठरवतो.

आपला ‘काळा’ हा शब्दच घ्या ना. काळेभोर डोळे म्हटलं की कौतुक वाटतं आणि काळाकुट्ट अंधार म्हटलं की भीती. एरवी सणासुदीला काळे कपडे नको म्हणणारी आजी संक्रांतीला हौसेनं काळी साडी नेसते, कारण थंडीत काळं कापड ऊब धरतं. बाळाला नजर लागू नये म्हणून काळी तीट लावतात. मंगळसूत्राचे मणी काळेच. आणि पंढरपूरचा विठोबा? तोही सावळाच!

आपल्या वऱ्हाडात तर ‘काळी’ म्हणजे शेतजमीन. जुन्या काळी गावाचे दोन भाग मानत. वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि पिकाची ती ‘काळी’. अमरावती-अकोल्याकडची ही काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकापासून झालेली आहे. पावसाचं पाणी ती पोटात धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला मोठमोठ्या भेगा पडतात. आणि तिच्यातूनच कापूस येतो, आपलं पांढरं सोनं!

हा विषय मी चौथीच्या वर्गात मुद्दाम काढला, त्याला कारण होतं. एका मुलाला बाकीचे ‘काळ्या’ म्हणून हाक मारत. तो हसण्यावारी न्यायचा. पण चित्रकलेच्या तासाला स्वतःचं चित्र काढताना त्यानं चेहरा रंगवलाच नाही, कोराच ठेवला. मी कुणाला रागावलो नाही. “काळी म्हणजे काय, घरी विचारून या,” एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भराभर हात वर झाले. एक म्हणाला, “आमच्या आबानं सांगतलं, काळी म्हंजे वावर.” एक मुलगी म्हणाली, “माही आजी म्हनते, काळी म्हंजे आपली माय. तिले नावं ठेवू नये.” वर्ग गप्प झाला. मग तोच मुलगा उठला. “सर, आमच्या वावरातली काळी आनू काय उद्या?”

त्यानं खरंच कागदात बांधून ढेकूळ आणलं. पाणी घातल्यावर माती कशी फुगते, हाताला कशी चिकटते, ते त्यानं सगळ्यांना दाखवलं. फळ्याजवळ उभं राहून तो पहिल्यांदाच इतकं बोलला.

‘काळ्या’ ही हाक काही एका दिवसात बंद झाली नाही. पण आता कुणी तशी हाक मारली, की दुसरं कुणीतरी त्याला त्याच्या नावानं बोलावतं.

तुमच्या वर्गात आहे का असं कुणी? मग उद्या शाळेत गेल्यावर तुम्हीच आधी त्याला नावानं हाक मारा.