अर्ध्या तिकिटाची माणसं

मित्रांनो, आज फिरायला निघण्याआधी एक कोडं सोडवा. एसटीत ज्याला अर्धं तिकीट लागतं, ज्याला खिडकीजवळचीच जागा हवी असते, गर्दीत ज्याला कुणाचा तरी हात धरावा लागतो आणि ज्याला घरातले सारखे बजावतात, "एकट्याने लांब जायचं नाही हं!" असा माणूस कोण?

"आम्ही!" असं तुमच्यातले पाच ते बारा वर्षांचे सगळे ओरडतील. उत्तर बरोबर, पण तेही अर्धंच! उरलेलं अर्धं उत्तर तुमच्या घरात खुर्चीत बसून पेपर वाचत असेल. हो, तुमचे आजोबा आणि तुमची आजी!

माणूस म्हातारा झाला की त्याचं काय काय जातं, ते आपल्याला पाठ असतं. दात जातात, केस जातात, चष्म्याचा नंबर वाढतो. पण म्हातारपणी काही गोष्टी मिळतातही, बरं का! त्या कुठे आणि किती मिळतात, हे बघायला आज आपण वसई-विरारला जाऊ. सोबत शहात्तर वर्षांचे आजोबा आणि सत्तर वर्षांची आजी आहेत असं समजा. प्रत्येक ठिकाणी पोचलो की एकच प्रश्न विचारायचा : इथे आजी-आजोबांना काय मिळतं, आणि आपल्याला काय?

सुरुवात विरार स्टेशनपासून. हे स्टेशन साधंसुधं नाही. १८६७ साली इथून मुंबईला आगगाडी सुरू झाली, तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक एवढीच गाडी होती. आज चर्चगेट ते विरार या साठ किलोमीटरच्या वाटेवरची गर्दी सगळ्या देशात प्रसिद्ध आहे. तिकीट खिडकीवर तुमचं अर्धं तिकीट मिळेल. आजोबांचं मात्र पूर्ण! लोकलच्या तिकिटात ज्येष्ठांना सवलत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांत पूर्वी ती होती. साठीच्या पुढच्या पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के सूट मिळायची. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत रेल्वेने ती थांबवली. साथ ओसरली, पण पुढे पाच वर्षं लोटली तरी ती सूट काही परत आली नव्हती.

रेल्वेने एक गोष्ट मात्र शिल्लक ठेवली आहे, आणि ती ऐकून तुमची आई चमकेल. लांबच्या गाडीचं आरक्षण करताना साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेल्या बायका यांना, जागा शिल्लक असेल तर, संगणक आपणहून खालचा बर्थ देतो. पंचेचाळीस! म्हणजे आजीच्या आधी आईचाच नंबर लागतो. तिला हे सांगताना जरा जपून. खालचा बर्थ मिळाल्याचा आनंद आधी होईल की वय काढल्याचा राग आधी येईल, सांगता येत नाही!

आणि लोकलमध्ये? तिथे ज्येष्ठांसाठी काही बाकं राखून ठेवलेली असतात. खिडकीच्या वर तशी पाटीही असते. पण विरार लोकलमध्ये पाटीपर्यंत पोचायचं कसं? दारातच माणसांची भिंत. आत शिरलंच, तर राखीव बाकावर एखादा तरणाबांड दादा डोळे मिटून बसलेला. तो खरंच झोपला आहे की आजोबांना बघून झोपला आहे, ते देवालाच ठाऊक. मध्य रेल्वेने २०२५ साली माटुंग्याच्या कारखान्यात एका लोकलच्या मालडब्याचं रूप बदलून ज्येष्ठांसाठी वेगळा डबा तयार केला, तो याच अडचणीमुळे. पाटी लावणं सोपं असतं. पाटीखालची जागा रिकामी करणं रेल्वेच्या हातात नाही, ते बसलेल्याच्या हातात आहे.

चला, विरारच्या पूर्वेला जीवदानीचा डोंगर आहे. देवीच्या दर्शनाला तेराशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. पायऱ्यांना वय कळत नाही. त्या सगळ्यांना सारख्याच. तुम्ही धावत सुटाल आणि शंभराव्या पायरीवर धापा टाकत बसाल. आजोबा न थांबता, एक-एक करत तुम्हाला मागे टाकतील. आजीचे गुडघे दुखत असतील तर रुळांवरून दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर गाडी आहे. पूर्वी गुडघे दुखायला लागले की "आता आमचं देवीला येणं संपलं" असं म्हातारी माणसं म्हणायची. अशी एक सोय झाली, की संपलेली वाट पुन्हा सुरू होते.

आता पश्चिमेकडे, आगाशीमार्गे अर्नाळ्याला. अर्नाळ्याला समुद्र आहे, होडीने जाण्याजोगं बेट आहे आणि त्या बेटावर १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आहे. पण आपल्या कामाची गोष्ट आहे अर्नाळ्याचं एसटी आगार. इथून लांब पल्ल्याच्या लाल गाड्या सुटतात, आणि आपल्या कोड्याचं खरं उत्तर या गाड्यांत सापडतं.

एसटीचा हिशेब असा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. आणि पंचाहत्तरी पूर्ण झाली की तिकीट माफ! ही 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. शिवाय १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायका-मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे आपल्या आजीला दोन्ही बाजूंनी अर्धंच, आणि आजोबांना काहीच नाही. नाशिकला जा, पुण्याला जा, कोल्हापूरला जा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. आणि वसई-विरार महापालिकेची बस म्हणजे एसटी नव्हे. तिचे नियम वेगळे, ते तिच्या कंडक्टरलाच विचारायचे.

गंमत म्हणजे, पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांनाही कंडक्टरकाका तिकीट फाडून देतात. त्यावर भाडं लिहिलेलं असतं शून्य! शून्य रुपयांचं तिकीट कशाला द्यायचं? कारण त्या प्रवासाचे पैसे कुणीतरी भरतच असतं. किती ज्येष्ठांनी किती प्रवास केला, याचा हिशेब एसटी ठेवते आणि सवलतीची रक्कम राज्य सरकारकडून मागून घेते. सरकारकडे पैसे येतात करांतून. तुम्ही दुकानातून चॉकलेट घेता ना, त्याच्या किमतीतही कर असतो. म्हणजे कुणाच्या तरी आजोबांच्या शून्य रुपयांच्या तिकिटात तुमच्याही चॉकलेटचे दोन-चार पैसे आहेत!

पण काही आजोबांना हे शून्य रुचत नाही. ते पुरते पैसे पुढे करतात आणि म्हणतात, "फुकट कशाला? मी काय भिकारी आहे?" अशा वेळी त्यांना एक बेरीज-वजाबाकी करून दाखवा. मुलाचं अर्धं तिकीट बाराव्या वर्षी संपतं आणि ज्येष्ठाचं पासष्टाव्या वर्षी सुरू होतं. मधली वर्षं किती? त्रेपन्न! त्रेपन्न वर्षं या माणसाने पूर्ण तिकीट काढलं. नोकरी केली, शेती केली, मासे विकले, फुलांच्या टोपल्या मुंबईला नेल्या. प्रत्येक खरेदीवर कर भरला. त्याच्या पैशातून तेव्हाच्या मुलांची अर्धी तिकिटं निघाली, शाळा चालल्या, रस्ते झाले. आता त्याची पाळी आली आहे, एवढंच. ही भीक नव्हे, ही परतफेड आहे.

अर्नाळ्याहून परत येताना आगाशीला थांबू या. इथली सुकेळी, म्हणजे सालं काढून उन्हात वाळवलेली केळी, नावाजलेली आहेत. ती घ्या, आणि देवळाजवळ किंवा बाजारात गप्पा मारत बसलेल्या आजोबांपैकी कुणाला तरी विचारा, "आजोबा, तुमचा वाढदिवस कधी?" दहाजणांना विचारलंत तर त्यातले बरेचजण एकच तारीख सांगतील : १ जून! इतकी माणसं एकाच दिवशी जन्मली कशी? जन्मली नाहीत, नोंदवली गेली. पूर्वी खेड्यांत जन्माची तारीख कुणी लिहून ठेवत नसे. "मोठा पूर आला त्या साली", "भात कापणीच्या दिवसांत" अशी आठवण असायची. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. मूल नाव घालायला आलं की गुरुजी त्याच्याकडे बघून अंदाजाने साल ठरवायचे आणि तारीख लिहायचे १ जून. तीच तारीख दाखल्यावर आली, दाखल्यावरून आधार कार्डावर गेली, आणि आज एसटीत तीच बघितली जाते.

योगायोग असा, की खुद्द एसटीचा वाढदिवसही १ जूनच! १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तिचा वाढदिवस मात्र अगदी खरा आहे. त्या हिशेबाने १ जून २०२३ ला एसटीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणजे आता तिलाच शून्याचं तिकीट लागू झालं!

हसून झालं? आता विचार करा. ज्या आजीने शाळेचं तोंडच बघितलं नाही, तिचं काय? तिचं वय कुणी कधी लिहिलंच नाही. कार्ड काढताना कुणीतरी अंदाजाने साल सांगितलं. ते चार-पाच वर्षांनी चुकलं, तर ती खरी पंचाहत्तरची असूनही कागदावर सत्तरचीच राहते. कंडक्टर तिच्या सुरकुत्या बघून तिकीट देऊ शकत नाही, त्याला कार्डच बघावं लागतं. म्हातारपणाच्या सगळ्या सवलती अशा एका छोट्याशा आकड्यावर उभ्या आहेत.

पुढचा थांबा नालासोपारा. इथल्या स्तूपाला गावातले लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे उत्खनन केलं आणि आत दगडी करंडक सापडला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच सोपाऱ्याला मिळाले. इथे तिकीटच नाही, त्यामुळे सवलतीचाही प्रश्न नाही. पण बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांना किंवा घारापुरीला गेलात, तर उलटी गंमत दिसेल. पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या जागी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आणि आजोबांना मात्र पुरतं तिकीट! तिथे नातवाने ऐटीत आत जावं आणि आजोबांनी पाकीट काढावं.

शेवटी वसईचा किल्ला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. पडक्या चर्चच्या कमानींखाली आजी टेकेल, तेव्हा तिला आणखी दोन गोष्टी सांगा. पहिली : २००७ च्या कायद्याप्रमाणे रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असायला हवी. आणि सत्तर वर्षांपुढच्या प्रत्येकाला, मग तो गरीब असो वा श्रीमंत, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. त्याचं वेगळं कार्ड काढावं लागतं. आपली आजी बरोब्बर सत्तरची, तेव्हा कार्ड काढलं का, ते विचारा. दुसरी : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांपुढच्या मतदारांना घरी बसून मत देता आलं. आधी अर्ज भरला, की अधिकारी मतपत्रिका घेऊन घरी येत. शहात्तर वर्षांच्या आजोबांना त्यासाठी अजून नऊ वर्षं थांबावं लागेल!

किल्ल्याजवळच्या धक्क्यावरून फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरला रो-रो बोट जाते. रस्त्याने चाळीसेक किलोमीटरचा वळसा पडतो, खाडीतून काही मिनिटांत पलीकडे. संध्याकाळी वारा छान असतो. आजीला कठड्याजवळ बसवा.

तर मित्रांनो, पंचेचाळीस, साठ, पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर, पंच्याऐंशी अशी ही वयाची शिडी आहे. प्रत्येक पायरीवर काही ना काही ठेवलेलं आहे, पण ते आपणहून हातात येत नाही. कुठे कार्ड लागतं, कुठे अर्ज, आणि विरार लोकलमध्ये तर एका तरुण माणसाने उठावंच लागतं. तेव्हा या रविवारी दोन कामं करा. घरातल्या आणि शेजारच्या आजी-आजोबांची कार्डं मागून घ्या आणि त्यांवरचं जन्मसाल बरोबर आहे का, ते त्यांनाच विचारा. चुकलं असेल तर बाबांना किंवा ताईला घेऊन आधार केंद्रात जा. त्याला कागदपत्रं लागतील, फेऱ्या पडतील, पण सुरुवात तर करा.

आणि दुसरं काम त्याहून सोपं. पुढच्या वेळी लोकलमध्ये एखादे आजोबा समोर आले, तर डोळे उघडे ठेवा.