परत केलेले पत्र

रॉबर्ट केनेडी यांचे ‘थर्टीन डेज’ हे छोटेखानी पुस्तक आम्ही पहिल्यांदा वाचले ते कादंबरीसारखे, एका बैठकीत. विषय ऑक्टोबर १९६२मधील क्यूबाच्या क्षेपणास्त्र-पेचाचा. (आपल्याकडे १९६२ म्हटले की चीनचे आक्रमणच आठवते, त्याच आठवड्यांत जग अणुयुद्धाच्या काठावर होते, याची आठवण मात्र अंधूक.) पुस्तक आले १९६९ साली, लेखकाच्या हत्येनंतर, थिओडोर सोरेन्सन यांच्या संपादनाखाली.

पेच मिटल्यावर अमेरिकेत रूढ झालेली हकीकत सरळ होती: अध्यक्ष ठाम राहिले, ख्रुश्चेव्ह नमले. तुर्कस्तानातील अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे एप्रिल १९६३मध्ये हलवली गेली, पण त्याचा क्यूबाशी संबंध नाही म्हणे! १९८९ साली मॉस्कोतील परिषदेत सोरेन्सन यांनी सांगून टाकले की, केनेडींच्या दैनंदिनीत हा सौदा स्पष्ट होता. पुस्तकातून तो आपणच वगळला. म्हणजे तोवर वर्षानुवर्षे ‘ठाम राहिले की शत्रू माघार घेतो’ हा धडा विद्यार्थ्यांनी आणि मुत्सद्द्यांनी गिरवला, तो दुरुस्त केलेल्या संहितेवरून.

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही प्रक्षिप्त ओळी शोधायला सांगतो. कोणीतरी मागाहून घुसडलेली ओळ भाषेवरून, छंदावरून पकडता येते. गाळलेल्या ओळीला मात्र अंगच नसते. तिचा माग काढायचा तर दुसरी पोथी हवी.

या प्रकरणी दुसऱ्या पोथ्या मिळाल्या, पण त्याही निर्मळ नव्हेत. सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांची २७ ऑक्टोबरची तार सौद्याची ग्वाही देते. परंतु राजदूताची तार वरिष्ठांसाठी लिहिलेली असते, हे विसरून चालत नाही. व्हाइट हाउसमधील गुप्त ध्वनिफितींत रॉबर्ट केनेडी त्यांच्या पुस्तकातल्यापेक्षा पुष्कळच आक्रमक ऐकू येतात. मग ध्वनिफीत तरी अंतिम मानावी? १९९७ साली तिचे शब्दांकन छापले गेले, तर शेल्डन स्टर्न यांनी त्यातील चुकीचे ऐकलेले शब्द दाखवून दिले. शिवाय सौदा ठरला तो ध्वनिफितीच्या खोलीबाहेर, मोजक्या माणसांत.

आम्हांला सर्वांत बोचतो तो डिसेंबर १९६२मधील ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मधला लेख. दोन पत्रकारांनी लिहिलेला. त्यांतले एक, चार्ल्स बार्टलेट, अध्यक्षांचे जिवलग मित्र. तुर्कस्तानातील तळ सोडून द्यावेत असे सुचवल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेचे राजदूत ॲडलाय स्टीव्हन्सन यांच्यावर त्यात नेभळटपणाचा शिक्का मारला होता. अध्यक्षांनी स्वतः ती क्षेपणास्त्रे काढण्याचा शब्द देऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. समकालीन, छापील, आतल्या गोटातून आलेले असे हे साधन; आणि त्याच गुणांमुळे ते दीर्घकाळ खरे मानले गेले.

२९ ऑक्टोबरला दोब्रिनिन यांनी ख्रुश्चेव्ह यांचे पत्र रॉबर्ट केनेडींकडे दिले. त्यात तुर्कस्तानाबाबतच्या समझोत्याचा उल्लेख होता. दुसऱ्या दिवशी केनेडींनी ते परत केले. असे पत्र पुढे कधी, कोठे बाहेर येईल याचा नेम नाही, असे त्यांनी सांगितल्याचे दोब्रिनिन कळवतात. पत्र मॉस्कोच्या दप्तरात राहिले. २७ ऑक्टोबरच्या भेटीबद्दल केनेडींनी लिहिलेल्या टिपणात, चार-पाच महिन्यांत हा प्रश्न सुटेल अशा अर्थाची एक ओळ आहे. तिच्यावर काट मारलेली आहे.