समुद्राने सोडलेले बंदर

१/
गेल्या ऑक्टोबरात आई-बाबांबरोबर एजियन समुद्रातील एक छोटी क्रूझ केली. चार रात्री, सहा थांबे : पिरेयसहून निघून मिकोनोस, कुशादासी, पॅटमॉस, रोड्स, क्रीट, सँटोरिनी आणि पुन्हा पिरेयस. आजचा धागा त्यांपैकी एकाच थांब्याविषयी, खरे तर तीन तासांविषयी आहे. स्थळ एफिसस. या धाग्यात बाबा वारंवार येतील. त्याला इलाज नाही. या स्थळाचा इतिहास मला त्यांच्यामुळे कळला.

२/
प्रथम एक कबुली. मला ही सहल नको होती. इतिहासाच्या विद्यार्थिनीने प्राचीन नगरे जहाजाच्या वेळापत्रकानुसार पाहावीत, हे मला अपमानास्पद वाटत होते. ‘तेवढ्याच पैशांत आपण अथेन्समध्ये आठ दिवस राहू,’ असे मी घरी तीनदा सांगून पाहिले. बाबा नेहमीप्रमाणे वाद न घालता म्हणाले, ‘‘जहाजानंच जायचं.’’

त्यांनी एका मोठ्या बंदरात गाळ उपसणाऱ्या ड्रेजरवर एकतीस वर्षे नोकरी केली. इतरांची जहाजे सुखरूप आत यावीत म्हणून वाट खोल ठेवायची, हे त्यांचे काम. प्रवासी म्हणून जहाजावर त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. पैसे त्यांच्या निवृत्तीचे होते. मी गप्प बसले, पण मनातून नाराजच होते.

३/
सकाळी सातच्या सुमारास जहाज कुशादासीला लागले. दुपारी पॅटमॉस गाठायचे असल्याने परतण्याची वेळ कडक. मी टिपणांची वही छातीशी धरून बसकडे धावत होते आणि बाबा धक्क्याच्या कडेला वाकून पाणी पाहत उभे होते.

‘‘इथे भरती चढत नाही वाटतं. भिंतीवर खूणच नाही.’’

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरनी वरखाली होते. एजियनमध्ये हा फरक जेमतेम वीतभर. हे वाक्य लक्षात ठेवा. मी मात्र ते तेव्हा ऐकून सोडून दिले. बस सुटेल याचीच मला धास्ती होती.

४/
कुशादासीपासून एफिसस सुमारे वीस किलोमीटर. बहुतेक सहलींप्रमाणे आमची बसही वरच्या दरवाजाशी थांबली. तिथून उतार लागतो, चालणे सोपे जाते आणि खालच्या दरवाजाशी बस पुन्हा भेटते. सोय उत्तम, पण तिच्यामुळे नगराचा क्रम उलटा होतो. प्राचीन काळी समुद्रमार्गाने येणारा माणूस प्रथम बंदरात उतरे, तिथून रुंद रस्त्याने रंगमंडलापर्यंत येई आणि मग चढण चढून वरच्या नगरात जाई. आम्ही ते नगर शेवटच्या पानापासून वाचायला घेतले होते.

५/
उतारावर मी बोलू लागले. ते माझे क्षेत्र होते. सेल्ससचे ग्रंथालय : रोमन प्रांताधिपती सेल्ससच्या स्मरणार्थ त्याचा मुलगा अक्विला याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी उभारलेले, सुमारे बारा हजार गुंडाळ्या मावतील एवढे, आणि खाली तळघरात खुद्द सेल्ससची कबर. म्हणजे ही वास्तू एकाच वेळी ग्रंथालयही आहे आणि समाधीही. आज दिसणारा दर्शनी भाग ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभा केला. कोनाड्यांतील स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती व्हिएन्नात आहेत.

आईने छायाचित्रे काढली. बाबांनी मान डोलावली. शाळेतील पाहुण्यांसमोर पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलीकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहत होते.

६/
शेवटी रंगमंडल. सुमारे पंचवीस हजार प्रेक्षकांची सोय. पायऱ्या चढून वर गेले की समोर एक सरळ, रुंद, संगमरवरी रस्ता दिसतो. हा आर्केडिअन मार्ग. सम्राट आर्केडियसच्या काळात, म्हणजे इ.स. ३९५ ते ४०८ च्या दरम्यान, तो नव्याने सजवला गेला. रात्री त्यावर दिवे लागत, असे शिलालेख सांगतो. दोन्ही बाजूंना स्तंभ. आणि हा सगळा डौल पाचेकशे मीटर चालत जाऊन संपतो तो वेताच्या आणि झुडपांच्या हिरव्या दलदलीत.

बाबांनी विचारले, ‘‘एवढा रस्ता कुठे जातो?’’
‘‘बंदराकडे.’’
‘‘मग बंदर कुठे आहे?’’

७/
मला उत्तर पाठ होते. कॅस्टर नदीच्या, आजच्या क्यूचुक मेंदेरेसच्या, गाळाने बंदर बुजले. आज समुद्र पाच-सहा किलोमीटर दूर आहे. माझ्या वहीत यासाठी दीड ओळ होती आणि ग्रंथालयासाठी चार पाने.

बाबा पायरीवर बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच बसले. म्हणाले, ‘‘म्हणजे हे गाव गाळानं मेलं. आणि तू मघापासून मला खांब दाखवतेयस.’’

८/
आता थोडे मागे जाऊ. एफिसस हे एका जागी राहिलेले नगर नव्हेच. जुनी ग्रीक वस्ती आर्टेमिसच्या मंदिराच्या आसपास होती. प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी हे एक मंदिर आरंभी समुद्राजवळच उभे होते. इ.स.पू. ३५६ मध्ये हेरोस्ट्रॅटस नावाच्या माणसाने ते केवळ नाव व्हावे म्हणून जाळले. पुन्हा बांधलेले मंदिरही कालांतराने नष्ट झाले आणि इतके गाडले गेले की जॉन टर्टल वुड याला ते शोधायला अनेक वर्षे लागली. १८६९ च्या अखेरच्या दिवशी ते त्याला सापडले. आज तिथे तुकडे रचून उभारलेला एकच स्तंभ आहे.

९/
अलेक्झांडरचा सेनानी लायसिमॅकस याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास नगर नव्या जागी हलवायचे ठरवले. लोक जुनी घरे सोडायला तयार होईनात. भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की, लायसिमॅकसने मुसळधार पावसाची वाट पाहिली, गावाची गटारे तुंबवली आणि घरे पाण्याखाली गेल्यावर लोक निमूटपणे नव्या नगरात आले. आपण पाहतो ते संगमरवरी एफिसस म्हणजे या सक्तीच्या स्थलांतरानंतरचे नगर. त्याचे बंदर रंगमंडलाच्या पायथ्याशी.

१०/
पुढची गोष्ट मी पायरीवर बसून बाबांना सांगितली. पर्गमॉनचा राजा अ‍ॅटलस फिलाडेल्फस (इ.स.पू. १५९ ते १३८) याला बंदर उथळ होत असल्याचे दिसले. त्याच्या स्थापत्यकारांनी उपाय सुचवला : बंदराच्या तोंडाशी बांध घालून ते अरुंद करायचे, म्हणजे मोठी जहाजे आत येण्याइतके पाणी खोल होईल. बांध झाला.

मी पुढे काही बोलण्याआधीच बाबा म्हणाले, ‘‘आणि बंदर आणखी भरलं.’’

‘‘तुम्हाला कसं माहीत?’’

‘‘अगं, नदी आत येतेय ना? तोंड बंद केलं की तिचा गाळ आतच बसणार. आधी निदान समुद्राचं पाणी आत-बाहेर होऊन थोडा ओढून नेत असेल. त्यात इथे भरती ही एवढीशी.’’

११/
स्ट्रॅबोने नेमके हेच लिहिले आहे : पूर्वी समुद्राची ये-जा गाळ बाहेर ओढून नेत असे, बांधामुळे तो आत अडकला आणि सबंध बंदर उथळ झाले. बाबांनी स्ट्रॅबोचे नावही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले होते. मी तो उतारा दोन वर्षांपूर्वी वाचला होता आणि ‘राजाची चूक’ असा शेरा मारून पुढे गेले होते. त्या चुकीमागचे पाणी मला दिसलेच नव्हते.

१२/
मग तिसऱ्या क्रमांकाच्या वहीतली मागची पाने उघडली. जे मी ‘किरकोळ’ म्हणून एकत्र टाकले होते, ते सगळे एकाच लढ्याचे पुरावे होते.

• नीरोच्या काळात प्रांताधिपती बारिया सोरेनस याने एफिससचे बंदर खुले करण्यासाठी कष्ट घेतले.
• इ.स. १२९ च्या शिलालेखात सम्राट हेड्रियनने बंदराला अपाय करणारी कॅस्टर नदी वळवल्याची नोंद आहे.
• त्याच शतकात प्रांताधिपती अँटोनियस अल्बसने हुकूम काढला : लाकडाच्या व्यापाऱ्यांनी धक्क्यावर जड ओंडके टाकू नयेत, दगड कापणाऱ्यांनी तिथे दगड कापू नयेत.

शेवटचा हुकूम ऐकून बाबा हसले. ‘‘आमच्याकडेही बोर्ड लावला होता. कचरा टाकू नये म्हणून. त्याच्याच खाली टाकायचे.’’

१३/
सोरेनसची कथा इथे अर्धवट सोडवत नाही. टॅसिटस लिहितो की बंदराच्या कामातील त्याच्या तत्परतेनेही नीरोचा रोष वाढला. इ.स. ६६ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला. त्याची मुलगी सर्व्हिलिया विशीचीही नव्हती. तिच्यावर आरोप होता की, आपले दागिने विकून तिने मांत्रिकांना पैसे दिले. आपल्या घरावरचे संकट टळेल का, एवढेच आपण विचारले, असे ती म्हणाली. भर सभेत बाप तिला मिठीत घ्यायला धावला. राजसेवकांनी दोघांना अलग केले. दोघांनाही मृत्युदंड झाला.

हे मी बाबांना तिथे सांगितले नाही. जहाजावर परतल्यावर एकटीनेच पुन्हा वाचले.

१४/
एवढ्या प्रयत्नांनंतरही गाळ जिंकला. वरच्या डोंगरांवरची झाडे तुटली, शेते वाढली, सुटलेली माती नदीने खाली आणली आणि क्षीण भरतीच्या समुद्राला ती पेलवली नाही. किनारा पश्चिमेकडे सरकत राहिला. शेवटी जहाजांना बंदरापर्यंत लांब कालव्यातून यावे लागे. वस्ती हळूहळू आयासुलुकच्या टेकडीकडे, आजच्या सेल्चुककडे गेली.

एफिसस अपवाद नाही. दक्षिणेस मायलेटसचेही तेच झाले. तिथे इ.स.पू. ४९४ मध्ये लेड बेटाजवळ आयोनियन आणि पर्शियन आरमारांची लढाई झाली. आज ते बेट शेतांनी वेढलेली टेकडी आहे.

आणि आमचे जहाज जिथे लागले ते कुशादासी? युरोपीय दर्यावर्दी त्याला ‘स्काला नुओव्हा’ म्हणत, म्हणजे नवा धक्का. जुना गेला म्हणून नवा.

१५/
बसमध्ये सर्वांत शेवटी आम्ही चढलो. वाटाड्या वैतागला होता. नंतर एका गालिच्याच्या दुकानात त्याने आम्हाला चाळीस मिनिटे बसवले. रंगमंडलावर आम्ही घेतलेल्या वेळेपेक्षा हा वेळ मोठा होता. चहा पिताना मी बाबांना विचारले, ‘‘तुमच्या कामाच्या नोंदी कुठे असतात? किती गाळ काढला, कुठे टाकला?’’

ते जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. एकतीस वर्षांत घरातल्या कुणीही त्यांना हे विचारले नव्हते. मी तर नाहीच.

‘‘लॉगबुकात. रोज लिहायचो. पण ते कोण वाचणार?’’

१६/
दुपारी जहाज सुटले तेव्हा सगळे प्रवासी मागे सरणाऱ्या किल्ल्याची छायाचित्रे घेत होते. बाबा कठड्यावरून खाली पाहत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. धक्क्यापासून वळताना पाणी क्षणभर गढूळ झाले.

‘‘तळ ढवळतोय,’’ ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे, ‘‘बंदर बांधणं एकदाचं असतं गं. गाळ रोजचा.’’

१७/
मी इतिहास घेतला तेव्हा बाबांनी विरोध केला नव्हता. फक्त ‘त्यात काम काय असतं?’ असे विचारले होते. मी तो प्रश्न अडाणीपणाचा मानला आणि पाच वर्षे मनात धरून ठेवला. रंगमंडलाच्या पायरीवर मला कळले की तो प्रश्न मीच एफिससला विचारायला हवा होता. इथे रोज काम काय असे? कोण गाळ काढी? सम्राटांची नावे शिलालेखांत आहेत. टोपल्या वाहणाऱ्यांची कुठेच नाहीत.

१८/
पुढचा धागा घराजवळचा : सोपारे. ‘पेरिप्लस’मध्ये ज्याचे नाव आहे, जिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला आणि जिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, ते बंदर. स्तूप मी तीनदा पाहिला आहे. खाडी एकदाही पाहिलेली नाही.

येत्या रविवारी जाणार आहे. बाबा बरोबर येत आहेत. ओहोटीची वेळ त्यांनी आधीच पाहून ठेवली आहे.