पदक्रम सूची

शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या घरी दोन चोपड्या जपून ठेवलेल्या असत. एक पंचांग आणि दुसरी खात्याची पदक्रम सूची. सण केव्हा येणार हे पहिलीवरून कळे आणि आपला सण केव्हा येणार हे दुसरीवरून. १ एप्रिलच्या स्थितीची ती चक्रमुद्रित पाने हाती आली की आम्ही प्रथम स्वतःचे नाव शोधत असू, मग वरची नावे मोजत असू आणि मग, हे कबूल करायला आता संकोच वाटत नाही, वरच्यांच्या जन्मतारखा पाहून कोण केव्हा निवृत्त होणार याचा हिशेब मांडत असू. माणसे चांगली होती, त्यांच्याविषयी मनात आकस नव्हता. पण सूचीच तशी वाचायची असते.

आमच्या आधीच्या पिढीने तर या सूचीपायी पुष्कळ सोसले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल एकत्र येऊन नवा मध्य प्रदेश झाला, तेव्हा चार ठिकाणच्या नोकरवर्गाची एक ओळ लावायची वेळ आली. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांतून त्या काळी ओसरीवर काय बोलणे चाले, हे आमच्या वयाच्या वाचकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेलच. काल आपल्या हाताखाली शोभला असता असा मनुष्य आज आपल्या वर कसा, या एका प्रश्नावर अर्ज, अभ्यावेदने आणि दावे वर्षानुवर्षे चालले. आम्हाला वाटे, हा रोग केवळ सरकारी नोकरीचा. बाहेरच्या जगात, विशेषतः अमेरिकेसारख्या देशात, माणूस गुणांवर चढतो. हा समज गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने दूर केला.

भाचा अमेरिकेत वैमानिक आहे. आमची धाकटी बहीण लग्नानंतर तिकडे गेली, त्याचा जन्म तिकडचाच. वय सदतीस, शिकागोजवळ घर, पत्नी, सहा वर्षांची मुलगी. एका मोठ्या प्रवासी विमान कंपनीत तो सहवैमानिक, म्हणजे उजवीकडच्या आसनावरचा. पाच दिवस तो आमच्याकडे राहिला. पहिल्याच रात्री फराळाचे ताट पुढे ठेवून बसला असता म्हणाला, "मामा, एक विचारायचं आहे. तुम्ही नोकरीत प्रमोशनं पाहिली आहेत. मला कॅप्टन होता येतंय आणि मी ठरवू शकत नाही." पदोन्नती दारात येऊन उभी आणि माणूस ठरवू शकत नाही, हे ऐकून आम्ही करंजी खाली ठेवली.

मग त्याने सारी व्यवस्था समजावून सांगितली. तिकडच्या मोठ्या कंपन्यांत वैमानिक ज्या दिवशी नोकरीत येतो, त्या दिवसावरून त्याला एक ज्येष्ठता क्रमांक मिळतो. कोणते विमान, कोणते आसन, कोणत्या शहराचे ठाणे, महिन्याच्या कोणत्या फेऱ्या, कोणत्या तारखांना रजा, हे सारे तो क्रमांक ठरवतो. प्रत्येकाने आपली पसंती नोंदवायची. वरच्या क्रमांकाच्या लोकांनी निवडून उरेल ते खालच्यांना. कौशल्याच्या परीक्षा प्रत्येकाला वारंवार द्याव्याच लागतात. पण उत्तीर्ण होणाऱ्यांत पुढे कोण, हे केवळ क्रमांकावर. कंपनी सोडून दुसरीकडे गेले तर मागची सारी वर्षे शून्य, नव्या ओळीत अगदी शेवटी उभे राहायचे. वरचे लोक पासष्टाव्या वर्षी निवृत्त होत जातात, तसा आपला क्रमांक वर सरकतो. "म्हणजे तुम्हीसुद्धा वरच्यांच्या जन्मतारखा पाहता?" आम्ही विचारले. तो हसला आणि म्हणाला, "सगळेच पाहतात." त्या क्षणी तो आम्हाला फार जवळचा वाटला.

आता पेच असा होता. सहवैमानिकांच्या गटात त्याचा क्रमांक बराच वर आलेला. त्यामुळे शनिवार-रविवार बहुधा घरी मिळतात, रात्रभराच्या फेऱ्या टाळता येतात, ठाणे शिकागो हेच असल्याने घरून निघून कामावर जाता येते. दिवाळीची रजा तर त्याला सहज मिळते, कारण ख्रिसमसवर साऱ्या ज्येष्ठांच्या उड्या पडतात आणि दिवाळी मागणारे त्यांच्या यादीत थोडे. पण तोच माणूस कॅप्टन झाला की कॅप्टनांच्या गटात सर्वांत शेवटचा. एवढ्या क्रमांकावर कॅप्टनची जागा मिळत होती ती न्यूयॉर्कला. तेथे त्याला राखीव म्हणून राहावे लागणार: ठरावीक दिवस फोनजवळ थांबायचे आणि बोलावणे आले की काही तासांत विमानतळावर हजर व्हायचे. शिकागोच्या घरून ते जमणारे नाही. म्हणून न्यूयॉर्कला चारसहा वैमानिकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत एक खाट धरायची. त्या खोल्यांना ते 'क्रॅश पॅड' म्हणतात. घर ते ठाणे हा विमानप्रवास जागा असेल तर आपल्या सुट्टीच्या वेळात करायचा, त्याचे वेतन नाही. उलट बाजूला पैसा. त्याच विमानावर सहवैमानिकाचा ताशी दर कॅप्टनच्या साधारण दोनतृतीयांश असतो. ही तफावत पुढच्या प्रत्येक वर्षी मोजावी लागणार. आणि चार पट्ट्यांचा तो मान, त्याचे मोल कोणत्या दराने करायचे?

हा पेच एकट्या त्याचाच आहे असेही नाही. २०२३ मध्ये युनायटेड या बड्या अमेरिकन कंपनीत कॅप्टनपदाच्या जाहीर झालेल्या जागांपैकी सुमारे निम्म्या पसंतीवाचून रिकाम्या राहिल्याचे वृत्त आले होते. पात्रता असलेली माणसे पुढे येत नव्हती, कारण हाच राखीवपणाचा आणि अनिश्चित वेळांचा जाच. ज्या व्यवस्थेत आम्ही वाढलो तेथे पदोन्नती नाकारणाऱ्याकडे लोक दयेने पाहत. येथे नाकारणाऱ्यांचीच रांग लागलेली.

"मग थांब की," आम्ही म्हणालो. "क्रमांक कुठे पळून जातो?"

"तेच तर, मामा. पळत नाही, पण अडकतो."

आणि त्याने अडकण्याच्या गोष्टी सांगितल्या. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेने वैमानिकांचे निवृत्तीचे वय साठावरून पासष्ट केले. वरच्यांना पाच वर्षे मिळाली आणि खालच्या साऱ्यांची शिडी तेवढा काळ जागच्या जागी थांबली. ११ सप्टेंबर २००१ नंतर हजारो वैमानिक कामावरून कमी झाले, तेही ज्येष्ठतेच्या उलट क्रमाने, शेवटी आलेला प्रथम. ईस्टर्न आणि पॅन अॅम या एके काळच्या बलाढ्य कंपन्या १९९१ मध्ये बंद पडल्या, तेव्हा तेथील पहिल्या क्रमांकाचे मोलही एका दिवसात संपले. कंपन्यांचे विलीनीकरण झाले तर तो आणखी निराळा प्रसंग. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांचे २००५ मध्ये एकत्रीकरण झाले. लवादाने २००७ मध्ये दिलेली संयुक्त सूची एका बाजूने मानलीच नाही आणि तो तंटा दहा वर्षे पुरला. आम्हाला १९५६ आठवले. आपल्याकडेही २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, त्यानंतर बढती आणि नव्या विमानांवरील प्रशिक्षण यांवरून वैमानिकांत जे वितुष्ट आले ते २०१२ च्या जवळजवळ दोन महिन्यांच्या संपापर्यंत गेले. हा सांधा जुळवण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती धर्माधिकारी होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तात्पर्य, क्रमांक हा पुंजीसारखा असला तरी ती पुंजी ज्या पेढीत ठेवलेली, तिच्यावर आपला ताबा नसतो.

त्याच्याजवळ एक वही होती. तिच्यात त्याने पासष्टाव्या वर्षापर्यंतचे दोन्ही मार्गांचे उत्पन्न वर्षवार मांडलेले होते, व्याजासह. आम्ही ती वही पाहिली. हिशेब चोख होता. आम्हीही १९९३ साली असाच एक हिशेब मांडला होता, तोही चोख होता.

त्या वर्षी आम्हाला पदोन्नती मिळाली आणि नेमणूक निघाली जगदलपूरला. बस्तर तेव्हा मध्य प्रदेशातच होते. इंदूरहून नर्मदा एक्स्प्रेसने बिलासपूर, तेथून रायपूर आणि पुढे केशकालचा घाट चढून जवळजवळ तीनशे किलोमीटर बस; दाराला दार धरले तर दोन दिवसांचा प्रवास. वडील थकलेले, मुलगी चार वर्षांची, तेव्हा कुटुंब इंदुरातच ठेवायचे ठरले. ठरवले आम्ही, घरात कोणी विरोध केला नाही, त्याला आम्ही संमती समजलो. तीन वर्षे आम्ही तेथे होतो. कामात मन रमले, माणसे भली भेटली, साल आणि सागाच्या त्या अरण्याची आठवण आजही येते. तक्रार कसलीच नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला आम्ही घरी आलो. प्रवासाने अंग आंबले होते. हातपाय धुऊन न्हाणीबाहेर उभे राहिलो आणि मुलीला टॉवेल आणायला सांगितले. ती धावत आत गेली आणि कपाटाच्या वरच्या खणात पाहुण्यांसाठी ठेवलेला, घडी न मोडलेला टॉवेल घेऊन आली. दोन्ही हातांनी आमच्यापुढे धरला. कोणी शिकवले नव्हते, कोणी रागवावे असेही काही नव्हते. घरी पाहुणा आला की काय करायचे हे तिला चांगले कळत होते, इतकेच. आम्ही तो टॉवेल घेतला, तोंड पुसले आणि कोणाला काही बोललो नाही. भाच्याला सांगेपर्यंत ही गोष्ट आम्ही सौभाग्यवतीलाही सांगितली नव्हती.

पण अर्धीच गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. म्हणून त्याला हेही सांगितले की, ज्या घरात बसून आपण बोलत आहोत ते त्याच पदोन्नतीच्या वेतनातून उभे राहिले, आणि वडिलांचे अखेरचे आजारपण कोणापुढे हात न पसरता निभावले तेही त्यातूनच. आमचे एक स्नेही होते. त्याच सुमारास त्यांना बढतीवर सरगुजाकडे जायचे होते. ते गेले नाहीत. इंदुरात राहिले, रोज संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतला, गणेशोत्सवातल्या नाटकांत कामे केली. त्यांच्यामागून आलेली माणसे एकेक करून त्यांचे वरिष्ठ झाली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी, ज्याला त्यांनी टिपण लिहायला शिकवले त्याच अधिकाऱ्याच्या हातून त्यांनी नारळ-शाल घेतली. घरी परतताना ते आम्हाला म्हणाले, "पश्चात्ताप नाही हो, पण आज जरा लागलं." दोन्हीकडे लागतेच. कोठे लागलेले आपल्याला सोसेल, एवढेच निवडायचे असते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग आम्ही त्याला एक शासकीय स्वरूपाचा प्रश्न विचारला, कारण तेवढेच आम्हाला येते. "आज नाही म्हटलेस तर तुझा मूळ क्रमांक जातो का?" आमच्याकडे बढती नाकारणारा वरच्या पदाच्या सूचीत कायमचा मागे पडे; मधल्या काळात जे वर गेले ते वरच राहत. तो म्हणाला, "नाही. क्रमांक तोच. तीन वर्षांनी कॅप्टन झालो तरी माझ्यामागून नोकरीत आलेले सगळे माझ्या खालीच." आम्ही चकित झालो. एवढा निष्ठुर वाटणारा नियम, पण थांबणाऱ्याची जागा राखून ठेवण्याचे औदार्य त्यात होते. आमच्या साऱ्या सेवानियमांत ते कधी आढळले नाही. तो गमावणार होता ते मधल्या वर्षांचे पैसे, आणि काळ फिरला तर कदाचित ती संधीही. ते थोडे नव्हे. पण जागा जात नव्हती. मुलीचे सहावे, सातवे, आठवे वर्ष मात्र कोणत्याही सूचीत राखून ठेवता येत नाही.

"तुझ्या पत्नीचे काय म्हणणे?" आम्ही विचारले.

"ती म्हणते, तुला हवं ते कर."

"ते म्हणणे नव्हे," आम्ही म्हणालो. "आमच्याही घरी असेच म्हणाले होते. पुन्हा विचार, आणि वही मिटून विचार."

त्या रात्री तो गच्चीवर पुष्कळ वेळ फोनवर बोलत होता. पसंती नोंदवण्याची मुदत दोन दिवसांवर होती. भाऊबिजेच्या सकाळी त्याने संगणक उघडून आमच्यासमोरच ती नोंदवली: कॅप्टनपद, परंतु केवळ शिकागो. क्रमांक तेथपर्यंत पोहोचायला त्याच्या अंदाजाने तीन-चार वर्षे लागतील. मध्येच मंदी आली, निवृत्तीचे वय पुन्हा वाढले किंवा कंपनीच दुसरीत विरली तर अधिक. तेव्हा तो आम्हाला बोल लावील का, हा विचार आमच्या मनात येऊन गेला. लावला तर ऐकून घेऊ. सल्ला देणाऱ्याने तेवढी जोखीम घ्यावीच.

तो परत गेल्यावर एका संध्याकाळी आम्ही पुण्याला मुलीला फोन केला. ती आता स्वतः आई आहे. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर त्या टॉवेलची गोष्ट तिला विचारली. तिने क्षणभर आठवून पाहिले. "नाही हो बाबा, मला काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "जगदलपूरहून तुम्ही लाकडी हरिण आणलं होतं, ते आठवतं. अजून आहे माझ्याकडे."

आम्हाला हरिण आठवत नव्हते.