मेखा आणि तणावे

तंबू घ्यायला गेलं की सगळ्यांची नजर कापडावर. रंग कुठला, किती जण मावतील, खिडकीला जाळी आहे का. मेखांची पिशवी कुणी उघडूनही बघत नाही. मी आधी तीच उघडतो. ही खोड साताऱ्याकडच्या शाळेतली, स्काऊटच्या शिबिरात लागलेली.

आमची राहुटी म्हणजे जाड कॅनव्हास, दोन बांबू आणि सुताचे दोर. मेखा बाभळीच्या, गावच्या सुतारानं तासून दिलेल्या, घाव खाऊन खाऊन डोकी पिंजलेली. दिवाळीनंतरच्या काळ्या मातीत त्या अशा बसत की उपटताना दोघं लागत. सरांचं सांगणं दोनच गोष्टींचं. मेख ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं हवं, आणि झोपायच्या आधी तणावे सैल करायचे. दुसरं काही आमच्या डोक्यात शिरेना. घट्ट बांधायला शिकवायचं आणि रात्री सैल करायला लावायचं? एका पहाटे शेजारच्या तुकडीची राहुटी त्यांच्या अंगावर आली तेव्हा उलगडा झाला. सुताचा दोर दवानं भिजला की आखडतो, आणि आखडताना मेखेलाच उपटतो.

पुढे नोकरीनं दोह्याला आणलं. इथे नोव्हेंबर ते एप्रिल हा तंबूंचा हंगाम. ओळखीच्या मराठी घरांतली पोरं शाळेत स्काऊटमध्ये जातात, त्यांची पहिली रात्र उघड्यावर काढायची तर 'काकां'ना बोलावणं येतं. खोर अल-अदैदकडे, जिथे समुद्र वाळूच्या टेकड्यांमधून आत घुसलाय, रस्ता संपतो. टायरमधली हवा कमी करून गाड्या पुढे जातात. तिथे ठोकलेली मेख दोन बोटांनी वर येते. मग आम्ही मेखेचा नादच सोडतो. जुन्या जीन्सच्या पायांच्या पिशव्या शिवलेल्या असतात. त्यांत वाळू भरायची, पोटाला दोर बांधायचा, कोपरभर खड्ड्यात आडवी पुरायची आणि वर नाचायचं. नाचायला पोरांना सांगावं लागत नाही. उत्तरेकडून शमाल सुटला तरी पिशवी हलत नाही.

पश्चिमेला झिक्रीतला याच्या उलट. तिथे चुनखडीचा कातळ. तंबूबरोबर येणाऱ्या तारेसारख्या मेखा पहिल्याच घावात वाकतात. जाड पोलादी मेख किंवा सरळ मोठे धोंडे, एवढेच दोन उपाय. म्हणून सामानाची यादी मागणाऱ्या पालकांना मी आधी विचारतो, जाणार कुठे?

इथल्या बदूंचा तंबू, बैत अल-शार, बकरीच्या केसांचा. पाऊस लागला की धागा फुगतो आणि वीण मिटते, अगदी आपल्या धनगरांच्या घोंगडीसारखी. तो विणायच्या, उभारायच्या आणि उतरवायच्या बायकाच. त्याच तंबूच्या रूपात अल-खोरचं अल-बैत स्टेडियम बांधलं. 20 नोव्हेंबर 2022 ला विश्वचषकाचा पहिला सामना तिथेच झाला. उभारणाऱ्या बायकांची आठवण त्या दिवशी कुणी काढल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

हिवाळ्यात इथे दव एवढं पडतं की सकाळी तंबू पिळून काढावा. पण आता दोर नायलॉनचे, आणि नायलॉन भिजला की सैल पडतो. सरांचा नियम मला उलटा करून सांगावा लागतो: झोपायच्या आधी तणावे ताणून घ्या. बाकी यादी छोटीच. खाली अंथरायला ताडपत्री, डोक्याला बांधायची बॅटरी, वाटतं त्याच्या दुप्पट पाणी आणि स्वेटर. स्वेटरवरून आयांशी दर वर्षी वाद होतो. वाळवंटात थंडी कसली, म्हणतात. जानेवारीत पहाटे तीनला त्याच आया गाडीचा हीटर लावून बसतात.

निघताना मात्र मी कडक असतो. पुरलेल्या पिशव्या वाळूत सहज हरवतात, म्हणून दोराचं टोक लाल ठेवायचं. मोजून पुरायच्या, मोजून काढायच्या, वाळू तिथेच ओतायची. कचऱ्याची पिशवीही गाडीत चढली पाहिजे. इथले उंट प्लॅस्टिक खातात, आणि ते त्यांच्या पोटात गोळा होऊन बसतं.