स्वप्नातली घरं

सिनेमा म्हणजे गाणी, एवढंच आम्हा पोलादपूरच्या बायकांना ठाऊक. नातीनं नलिनी मलानींचा ‘युटोपिया’ समजावून सांगितला. मुंबईत १९६९ साली अकबर पदमसींच्या कार्यशाळेत ह्या एकट्याच बाई. (घरचे काय म्हणाले असतील!) घरांच्या छोट्या प्रतिकृतीवर त्यांनी रंगीत चित्रपट केला; सर्वांना घर, हे नेहरूंच्या काळातलं स्वप्नच ते. १९७६ च्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटात एक तरुणी खिडकीतून झोपडपट्टी बघत राहते. दोन्ही शेजारी-शेजारी दाखवतात.

त्याच सुमारास मी लालबागला ह्यांच्या खोलीवर गेले होते. बारा माणसं, माझं अंथरूण मोरीपाशी. “होतील गं घरं,” हे म्हणाले. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली, तेव्हा हे वळकटी घेऊन गावी आले.